काकूच्या फराळखोलीची जमीन: इपॉक्सीच्या नोंदी

१ फेब्रुवारी २०२५, शनिवार

संक्रांतीच्या तीळगुळाच्या ऑर्डरी संपल्या. आता होळीच्या गुजिया सुरू होईपर्यंत काकूची फराळखोली रिकामी. होळी १३ मार्चला आहे. त्याआधी जमिनीचं काय ते उरकायचं, असं काल रात्री जेवताना ठरलं.

घर इंदुरात मल्हारगंजातलं, जुनं. मागच्या बाजूला बारा बाय पंधरा फुटांची फराळखोली, तिला लागून कोठीची खोली आणि त्यापुढे उघडी ओसरी. तिन्हीकडे आजोबांच्या काळचा लाल कोबा आहे. फराळखोलीत भट्टीच्या भोवती तो इतका तेल प्यायलाय की तिथे रंग लाल राहिलेलाच नाही, काळपट झालाय. बारीक भेगांत बेसन जाऊन बसतं, मग मुंग्या. काकूने मोबाइलवर कुणाच्या तरी घरची चकचकीत जमीन पाहिली, इपॉक्सीची. म्हणजे राळ आणि हार्डनर कालवून रंगासारखा पसरायचा, मग कडक होणारा थर. पण तिची मागणी चकाकीची नव्हती. म्हणाली, "सांडलेलं पीठ दिसलं पाहिजे आणि एका फडक्यात निघालं पाहिजे. बाकी तुझं तू बघ."

मी पीथमपूरला कारखान्यात आहे, तिथल्या पॅकिंगच्या हॉलमध्ये रोज इपॉक्सीवरच वावरतो. म्हणून घरात मीच तज्ज्ञ. पण तिथली जमीन इपॉक्सी लावायची म्हणूनच ओतलेली होती, काँक्रीटखाली प्लास्टिकचा जाड कागद घालून. आमच्या कोब्याखाली विटांचे तुकडे, मुरूम आणि त्याखाली माळव्याची काळी माती. ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. म्हणजे आपल्याला रंग लावायचाय तो एका हलत्या, ओल धरणाऱ्या गोष्टीच्या डोक्यावर.

२ फेब्रुवारी, रविवार

सकाळी लोखंडी सळई घेऊन तिन्ही ठिकाणची जमीन वाजवत फिरलो. चांगला कोबा ठणठणीत वाजतो, खालून सुटलेला असेल तर डबडब करतो. फराळखोलीत दाराजवळ एक मोठा आणि भट्टीमागे एक छोटा भाग पोकळ निघाला. खडूने रेषा मारून ठेवल्या.

मग ओलीची परीक्षा. याची एक सोपी ठरीव पद्धत आहे, एएसटीएम या मानक संस्थेची डी ४२६३: साधारण दीड फूट बाय दीड फुटाचा जाड पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा जमिनीवर पसरायचा, चारही कडा चिकटपट्टीने घट्ट बंद करायच्या आणि निदान १६ तास हात लावायचा नाही. खालून वाफ येत असेल तर प्लास्टिकच्या आतल्या बाजूला थेंब दिसतात किंवा खालची जमीन गडद होते. फराळखोलीत मध्ये एक आणि भिंतीकडे एक, कोठीत एक असे तुकडे लावले. ओसरीत लावलाच नाही, कारण तिथे इपॉक्सी करायचंच नाही. दुपारभर ऊन असतं. इपॉक्सी उन्हात पिवळं पडतं आणि पुढे त्याच्यावर खडूसारखी भुकटी धरते. वरून पॉलियुरेथेनचा थर दिला तर टिकतं, पण ओसरीवर गहू वाळतात, कुत्रं झोपतं. तिला कोबाच बरा.

४ फेब्रुवारी, मंगळवार

काल संध्याकाळी प्लास्टिक काढलं. फराळखोलीतले तुकडे कोरडे. कोठीतल्या तुकड्याखाली घाम आल्यासारखे थेंब, कोबाही गडद झालेला.

पण ही परीक्षा फेब्रुवारीत झाली, आणि हा इथला कोरडा महिना. आत्ता कोरडी दिसणारी जमीन श्रावणात कशी वागेल, हे प्लास्टिक सांगत नाही. ते काकूला विचारलं. पावसाळ्यात गव्हाची कोठी कुठे ठेवत नाहीस? पत्र्याच्या डब्यांना खालून गंज कुठे चढतो? खोक्यांचे बूड कुठे मऊ पडतात? तिने तिच्या जागेवरून न उठता सगळं सांगितलं. कोठीची ती अख्खी भिंत, न्हाणीघराच्या बाजूची. फराळखोलीत तसं कुठेच नाही, कारण ती खोली दोन पायऱ्या वर आहे. भिंतीच्या पायथ्याशी पांढरा खार फुटलाय तोही फक्त कोठीतच. चाळीस पावसाळ्यांची ही नोंद कुठल्याही यंत्रापेक्षा मला पटली.

तर कोठीत इपॉक्सी नाही. इपॉक्सीचा थर वाफ जाऊ देत नाही. खालून येणारी ओल अडकते, सोबतचे क्षारही वर येऊन थराच्या तळाशी साठतात, आणि एक दिवस फोड येऊन पापुद्रा उचलला जातो. काकू थोडी हिरमुसली. तिला दोन्ही खोल्या एकसारख्या हव्या होत्या. कोठीत कोटा फरशी बसवायची, सांध्यांतून जमिनीला श्वास घेता येईल अशी, असं ठरवून विषय संपवला.

८ फेब्रुवारी, शनिवार

आधी तेल काढायचं आणि मगच घासाई. हा क्रम उलटा केला तर घासाईचं यंत्र तेल पसरवत जातं आणि चांगल्या जागेलाही लावतं.

गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून ताठ ब्रशने घासलं, फेस पुसून पुन्हा तेच. वरवरचं निघालं. खोल मुरलेल्यासाठी मुलतानी माती थिनरमध्ये कालवून भट्टीभोवती बोटभर जाडीने थापली, वर प्लास्टिक टाकलं. थिनर तेल सैल करतो, माती ते शोषून घेते. त्यासाठी सिलेंडर, लायटर, देवाची समई सगळं त्या मजल्यावरून हलवलं आणि खिडक्या सताड उघड्या ठेवल्या. थिनरची वाफ जमिनीलगत सरकत जाते, शेजारच्या खोलीतल्या ठिणगीपर्यंत पोचते.

मिस्त्री बघायला आला होता. म्हणाला, "भिया, तेजाब मार दो, सब साफ." तेजाब म्हणजे सौम्य केलेलं हायड्रोक्लोरिक आम्ल. ते सिमेंटला खातं, तेलाला आणि मेणाला नाही. लाल कोब्याला वर्षानुवर्षं मेणाचं पॉलिश होत आलंय, त्याच्यावरून ते नुसतं ओघळेल. शिवाय आम्ल आणि सिमेंट मिळून कॅल्शियम क्लोराइड तयार होतं, जे हवेतली ओल ओढतं. नीट धुतलं गेलं नाही तर कोरड्या जमिनीत आपणच ओल पेरून ठेवायची. मिस्त्रीला हे सगळं सांगितलं नाही. "मशीन से घिसेंगे" एवढंच म्हणालो.

९ फेब्रुवारी, रविवार

वाळलेली माती खरवडली. खालची बाजू पिवळी, चिकट. पुन्हा तेच केलं. दुसऱ्यांदा माती बरीच पांढरी निघाली. मग स्वच्छ पाण्याने धुणं, कारण सोड्याचा अंश राहिला तर तोही रंग सुटायला कारण होतो. आता आठवडाभर पंखा लावून खोली वाळू द्यायची.

१५ फेब्रुवारी, शनिवार

घासाई. जड यंत्र दारातून आलं नसतं, म्हणून पाच इंची हातग्राइंडरला हिऱ्याची वाटी, वर धुळीची टोपी आणि टोपीला जोडलेला मोठा व्हॅक्यूम. टोपी आणि व्हॅक्यूम नसता तर मी हे काम काढलंच नसतं. सिमेंटच्या धुळीतली सिलिका फुप्फुसात जाऊन बसते ती निघत नाही. नुसता रुमाल बांधून काही होत नाही, गालाला घट्ट बसणारा एन-९५ मास्क लागतो. मिस्त्रीच्या पोऱ्याला मास्क घालायला लावण्यात अर्धी सकाळ गेली. चहाला उतरवला की विसरायचा.

जुना कोबा थापीने इतका घोटलेला असतो की वरचा थर काचेसारखा होतो. इपॉक्सीला त्यावर पकडच मिळत नाही. घासून झाल्यावर हात फिरवला तर मध्यम सँडपेपरसारखं लागलं पाहिजे. नंतर पाण्याचे थेंब टाकून पाहिले. बहुतेक ठिकाणी पटकन मुरले. भट्टीच्या जागी एका हातभर पट्ट्यात थेंब मणी होऊन उभे राहिले. तेल अजून आहे.

त्यावर विचार केला तेव्हा दुसरीही गोष्ट लक्षात घ्यावी लागली. घरच्या तापमानाला घट्ट झालेलं साधं इपॉक्सी साठ अंशांच्या आसपास नरम पडायला लागतं. चकलीचं तेल १७० ते १८० अंशांवर असतं. शिंतोडे चालतील, पण उतरवलेली कढई काकू थेट जमिनीवर टेकवते. तिला आयुष्यभराची सवय आहे, ती बदलायची अपेक्षा जमिनीच्या भरवशावर ठेवता येत नाही. अन्नाच्या मोठ्या कारखान्यांत, जिथे उकळतं पाणी जमिनीवर सांडतं, तिथे इपॉक्सीऐवजी पॉलियुरेथेन आणि सिमेंट मिसळलेला जाड थर घालतात. एका खोलीसाठी ते काम करायला कोणी येणार नाही.

म्हणून भट्टीखाली आणि कढई उतरवायच्या बाजूला मिळून एक चौकोन तोडून तिथे कोटा फरशी बसवायची. तेलकट पट्टाही त्यातच जातो. इपॉक्सी त्या चौकोनाच्या कडेला येऊन थांबेल. काकूला हा बेत सांगितला तर म्हणाली, "म्हणजे जिथे मी उभी राहते तिथे तुझा रंग नाहीच." खरं आहे.

१६ फेब्रुवारी, रविवार

पोकळ वाजणारे दोन्ही भाग फोडले, कोटा बसवला. फोडलेल्या जागी सिमेंटचा नवा कोबा घातला असता तर त्याला २८ दिवस मुरू द्यावं लागलं असतं. होळी हातची जाते. म्हणून इपॉक्सीत सिलिकाची वाळू घालून केलेला दाट माल थापला, तो दुसऱ्या दिवशी दगड होतो. कोटा चौकोनाखाली सिमेंटच आहे, पण त्याच्यावर इपॉक्सी येणार नाही, आणि कडेच्या फटीत लवचीक सीलंट भरायचं ठरलंय.

भेगा दोन प्रकारच्या होत्या. केसासारख्या बारीक, जागच्या जागी असलेल्या भेगा व्ही आकारात उकरून इपॉक्सी पुट्टीने भरल्या. दारापासून भिंतीपर्यंत गेलेली एक लांब भेग मात्र काळ्या मातीची आहे. काकू सांगते, उन्हाळ्यात तीत पैसा उभा राहतो आणि भाद्रपदात मिटते. ती कडक पुट्टीने भरली तर ती तरी फुटेल नाही तर शेजारी नवी भेग पाडेल. तिला सरळ कापून सांधाच केला, रंग झाल्यावर त्यातही सीलंट. मिस्त्रीला हे अजिबात आवडलं नाही. "इतना बढ़िया फर्श और बीच में लकीर?"

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

सियागंजात जाऊन माल आणला. हिशेब असा केला: एक लिटर माल १०० मायक्रॉन (म्हणजे मिलिमीटरचा दहावा भाग) जाडीने पसरला तर १० चौरस मीटर होतो, हे साधं गणित आहे. खोली १६.७ चौरस मीटर, कोटा चौकोन वजा न करता. १५० मायक्रॉनचा एक हात म्हणजे अडीच लिटर, दोन हातांचे पाच. घासलेली जमीन आणि रोलर दोघंही पितात, म्हणून सहा घेतले. पण हे गणित शंभर टक्के घन असलेल्या मालाचं. डब्यातला निम्मा भाग थिनर असेल तर वाळल्यावर जाडी निम्मीच उरते. स्वस्त डब्यांत आणि महाग डब्यांत फरक बहुतेक इथेच असतो, आणि तो किमतीच्या खाली बारीक अक्षरात लिहिलेला असतो. दुकानदाराला "घन किती?" विचारलं तर त्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग आतून वेगळा डबा काढला.

रंग फिकट राखाडी. बेसन पिवळं, मैदा पांढरा, तीळ, रवा सगळं त्यावर उठून दिसतं. पांढऱ्यावर मैदा लपला असता.

२२ फेब्रुवारी, शनिवार

प्रायमर. खोलीत २८ अंश, आर्द्रता ३० टक्क्यांच्या जवळ. या हवेत दवबिंदू नऊ अंशांच्या आसपास येतो. जमीन त्याच्यापेक्षा निदान तीन अंश जास्त गरम असावी लागते, नाही तर तिच्यावर न दिसणारं दव धरतं. आपली जमीन २० अंशांवर, म्हणजे भरपूर अंतर आहे. हेच काम ऑगस्टमध्ये काढलं असतं तर ओलीने मारलं असतं, आणि मेमध्ये चाळीस अंशांत माल बादलीतच घट्ट झाला असता.

इपॉक्सी वाळत नाही, ते घडतं. राळ आणि हार्डनर यांची रासायनिक क्रिया होते, उष्णता बाहेर पडते, त्या उष्णतेने क्रिया आणखी वेग घेते. कालवलेला माल ३० अंशांना अर्धा तास वापरता येतो असं डब्यावर लिहिलंय, पण तेवढा वेळ बादलीत ठेवायला नाही. भरलेल्या बादलीत उष्णता कोंडते आणि माल धुरावतो. म्हणून थोडा थोडा कालवायचा आणि लगेच जमिनीवर ओतायचा, पसरलेला माल थंड राहतो. दोन्ही भाग मोजूनच घ्यायचे. साध्या तेलरंगासारखं "जरा हार्डनर जास्त टाकू, लवकर वाळेल" इथे चालत नाही. जास्त झालेला हार्डनर कुठे जात नाही, जमीन चिकट राहते. ड्रिलला लावलेल्या पंख्याने हळू फिरवलं, कडा आणि तळ खरवडला, मग दुसऱ्या स्वच्छ बादलीत ओतून पुन्हा फिरवलं. पहिल्या बादलीच्या कडेला न मिसळलेली राळ राहतेच. तीच बादली जमिनीवर उपडी केली की तेवढे डाग कधीच सुकत नाहीत.

हातमोजे नायट्रिलचे. हार्डनर अंगावर घेत राहिलं तर एक दिवस कातडी बंड करते आणि मग आयुष्यभर त्या वासानेही पुरळ उठतं. पीथमपूरला असे लोक पाहिलेत. हाताला लागलं तर साबण-पाणी, थिनर नाही. थिनर ते कातडीच्या आत नेतो.

२३ फेब्रुवारी, रविवार

सकाळी प्रायमर कडक, पण दोन जागी मॅट दिसला, म्हणजे जमीन पिऊन गेली. तेवढ्यावर पुन्हा प्रायमर. दुपारी पहिला हात.

कोटा चौकोनाच्या उजव्या कडेला रंग फाटून बोटाच्या पेराएवढी गोल छिद्रं उघडायला लागली. मिस्त्री वाकून म्हणाला, "तेल बोल रहा है." तेल राहिलेल्या जागेवर रंग मागे सरतो. त्यावर वरून रंग ओतत राहिलं तरी तो पुन्हा मागेच सरतो. तेवढा पट्टा ओला असतानाच पुसून काढला. उद्या कडक झाल्यावर घासून, फरशी चार बोटं वाढवून तो प्रश्न मिटवू. तिथे इपॉक्सीने लढायचं कारण नाही.

रोलरवर आधी चिकटपट्टी गुंडाळून ओढून घेतली होती, तरी दोन केस रंगात सापडलेच.

२४ फेब्रुवारी, सोमवार

रजा टाकली. पहिल्या हातानंतर चोवीस तासांच्या आसपास दुसरा हात दिला तर दोन्ही थर एकमेकांत गुंततात. फार उशीर झाला की आधी घासून रुक्ष करावं लागतं. फरशीचं काम सकाळी उरकून, तिथला माल झाकून दुपारी दुसरा हात. दारापासून मोरीपर्यंतच्या पट्ट्यात ओल्या रंगावर बारीक सिलिका वाळू भुरभुरवली. काकू सत्तरीला आलीये, आणि पाण्याने ओल्या झालेल्या इपॉक्सीवर तेलाचा एक थेंब म्हणजे सरळ घसरगुंडी. वाळू टाकली की पुसायला जरा जड जातं. तिला विचारून टाकली. म्हणाली, "पाय मोडण्यापेक्षा फडकं दोनदा फिरवीन."

१ मार्च, शनिवार

चालायला दुसऱ्याच दिवशी हरकत नव्हती, पण डबे, पिंप, यंत्र आणायला सात दिवस थांबायचं. उरलेले थिनरचे डबे, हार्डनरचं टिन आणि चिंध्या महापालिकेच्या सकाळच्या गाडीत घातक कचऱ्याच्या वेगळ्या डब्यात दिल्या. चिकटलेली बादली मात्र सुक्या कचऱ्यात गेली, कारण घट्ट झालेलं इपॉक्सी नुसतं प्लास्टिक. गाडीवाल्याने तरी ती दोनदा वाजवून पाहिली.

१३ जुलै, रविवार

चांगला पाऊस लागलाय. कोठीत प्लास्टिक टाकून पाहिलं तर तासाभरात धुकं. नव्या कोटा फरशीचे सांधे ओलसर दिसतात, दुपारी पंखा लावला की सुकतात. फराळखोलीत एकही फोड नाही. लांब सांध्यातलं सीलंट दबून वर फुगल्यासारखं झालंय, म्हणजे भेग मिटतेय, आणि तिच्या दोन्ही बाजूंचा रंग सलग आहे. मिस्त्री दुसऱ्या कामाला आला होता, त्याला आवर्जून दाखवलं. त्याने लकिरीकडे पाहिलं आणि चहा मागितला.

२८ सप्टेंबर, रविवार

दिवाळीच्या ऑर्डरी सुरू व्हायच्या आधी एकदा नीट पाहणी केली. कढईचा एक गोल डाग कोटा चौकोनाच्या बाहेर, बोटभरच, पण बाहेर. काकू म्हणते सूनबाईने ठेवली, सूनबाई म्हणते काकूंनी. पिठाचं पत्र्याचं पिंप ओढल्याचे चार-पाच ओरखडे दारापाशी. हे थराच्या आत गेलेले नाहीत. १२० नंबरच्या सँडपेपरने घासून हाताने रंग लावला तर झाकले जातील. पण जागा जरा वेगळी दिसेलच, उन्हाच्या बाजूचा राखाडी रंग एवढ्यातच किंचित पिवळटलाय. खिडकीला जाड पडदा लावायचा, आणि पिंपाच्या बुडाला रबरी पट्टी. पट्टी सियागंजातून आणून ठेवलीये, पिंप रिकामं झालं की लावतो.